गेम विकणाऱ्यांचा इतिहास: मॉस्कोची १सी, मुंबईची इंडियागेम्स आणि नझारा

संशोधनासाठी विषय शोधणारी मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: "भारतात मोठे व्हिडिओ गेम का बनले नाहीत?" ऐकायला प्रश्न झकास आहे, पण त्यावर काम सुरू केलं की दोन महिने जातात आणि हाती काही लागत नाही. कारण सोपं आहे. जे घडलंच नाही त्याची कागदपत्रं नसतात. मग माणूस मतं लिहायला लागतो, आणि गाइड ती लाल पेनानं खोडतात.

प्रश्न थोडा सरकवून बघा. भारतात गेम विकले कोणी? कुठल्या वाटेनं ते गिऱ्हाइकापर्यंत पोचले? पैसे कोणी गोळा केले आणि कोणी किती ठेवून घेतले? आता धागा हाताला लागतो. कंपन्या सापडतात, करार सापडतात, सरकारी आदेश आणि हिशेब सापडतात. मी मूळची एम.एस्सी.वाली, त्यामुळे मला मोजता येईल किंवा पडताळता येईल असं काहीतरी लागतं. या पोस्टमध्ये त्याच धाग्यानं जाऊ. आधी रशियाचं एक उदाहरण घेऊ, कारण तिथे गोष्ट स्वच्छ दिसते. मग मुंबईत येऊ.

प्रकाशक म्हणजे नेमकं कोण?

पुस्तकांच्या धंद्यावरून समजून घ्या. लेखक लिहितो, प्रकाशक पैसे घालून छापतो, वितरक दुकानात पोचवतो. गेममध्येही तसंच असतं. डेव्हलपर गेम बनवतो. प्रकाशक पैसा, भाषांतर, जाहिरात, हक्कांचे करार बघतो. वितरक माल दुकानात नेतो. बाजार लहान असला की ही दोन-तीन कामं एकच कंपनी करते, आणि मग तिचा इतिहास म्हणजे त्या देशातल्या गेम-बाजाराचाच इतिहास होऊन बसतो.

रशिया: हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी गेम विकले

आपल्याकडे दुकानदाराचा हिशेब म्हटलं की टॅली आठवतं. रशियात तीच जागा '१सी' या कंपनीची आहे. बोरिस नुरालियेव्ह यांनी ती १९९१ मध्ये मॉस्कोत सुरू केली. नावातला '१सी' म्हणजे एक सेकंद. हवी ती माहिती एका सेकंदाच्या आत शोधून देणारं सॉफ्टवेअर, अशी सुरुवातीची कल्पना होती. टॅलीनं उद्या गेमच्या सीडी विकायला काढल्या तर आपल्याला जसं वाटेल, तसंच काहीसं रशियात खरोखर झालं.

हे का झालं? सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाला आणि बाजार एकदम उघडला. १९९२ मध्ये स्टीपलर नावाच्या कंपनीनं 'डेंडी' हा टीव्हीला जोडायचा गेम बाजारात आणला. निन्टेंडोच्या यंत्राची तैवानमध्ये बनलेली ती नक्कल होती, आणि कितीतरी रशियन मुलांचा तो पहिला गेम ठरला. कॉम्प्युटरवरच्या गेमचंही तेच. मॉस्कोच्या गोर्बुश्का बाजारात चोरट्या सीडींचे ढीग लागायचे. परदेशी कंपनीची मूळ सीडी तिथल्या पगारात परवडणारी नव्हतीच.

अशा बाजारात कायदेशीर गेम विकायचा कसा? १सी, बुका, अकेला अशा कंपन्यांनी ज्या गोष्टींवर भर दिला त्या मला संशोधनासाठी फार महत्त्वाच्या वाटतात. एक, किंमत. खोका, जाड पुस्तिका वगैरे काढून टाकून साध्या प्लॅस्टिकच्या डबीत सीडी घालायची आणि चोरट्या सीडीच्या जवळपासच्या भावाला विकायची. दोन, भाषा. गेम नीट रशियनमध्ये आणायचा. भाषांतराचा आणखी एक उपयोग होता. फक्त रशियन भाषेतली स्वस्त सीडी जर्मनीत किंवा अमेरिकेत कोण विकत घेणार? त्यामुळे कमी भावाला हक्क दिले तरी आपला मूळ बाजार बुडत नाही, हे परदेशी प्रकाशकाला पटवता यायचं. आणि तीन, जाळं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी १सीनं शहराशहरांत डीलर उभे केले होतेच. तीच वाट गेमलाही मिळाली.

वाट तयार झाल्यावर बनवणाऱ्यांनाही बळ आलं. ओलेग मॅडॉक्स यांच्या स्टुडिओनं बनवलेला 'इल-२ श्टुर्मोविक' हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा गेम २००१ मध्ये आला. रशियात तो १सीनं काढला, बाहेर युबिसॉफ्टनं, आणि जगभर नावाजला गेला. क्रम लक्षात ठेवा: आधी विकण्याची वाट, मग स्वतःचे गेम.

पुढचं थोडक्यात. २००८ मध्ये १सीनं बुका विकत घेतली. मग गेम इंटरनेटवरून थेट डाउनलोड व्हायला लागले आणि सीडीच्या डबीचं राज्य संपलं. १सीचा परदेशातला गेम विभाग चीनच्या टेन्सेंटकडे गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यातलं प्रकाशनाचं काम 'फुलक्रम' या नव्या नावानं चालू आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र जागच्या जागी आहे.

मुंबई: सीडीची वाट अरुंद होती

आता आपल्याकडे. नव्वदच्या दशकातला मुंबईचा बाजार बघितला तर सुरुवात रशियासारखीच दिसते. टीव्हीला जोडायचे नकली गेम होते. मुंबईच्या मिताशी कंपनीची यंत्रं तर अनेकांच्या घरी होती. लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळायचे आणि फुटपाथवर चोरट्या सीडी. कायदेशीर सीडी विकणारे मुंबईचे वितरकही पुढे उभे राहिले: माइलस्टोन इंटरॅक्टिव्ह, ई-एक्सप्रेस. परदेशी कंपन्यांचे गेम ते आणायचे.

मग इथे एखादी १सी का उभी राहिली नाही? माझं उत्तर असं. एक तर घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. पनवेल-उरण पट्ट्यात माझ्या लहानपणी गेम खेळायचा म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायचे. दुसरं, भाषेचं कुंपण नव्हतं. इथे कॉम्प्युटर घेणारा वर्ग इंग्रजीवर भागवायचा, त्यामुळे भाषांतर करून मालाला वेगळेपण द्यायची सोय नव्हती. रशियन प्रकाशकाच्या हातातलं मोठं हत्यार मुंबईच्या वितरकाकडे नव्हतंच. तिसरं कारण सगळ्यात मोठं. सीडीची वाट रुंद व्हायच्या आत दुसरीच वाट आली, आणि ती लोकांच्या खिशात होती.

इंडियागेम्स: खिशातल्या फोनचा प्रकाशक

विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. ते कारगिल युद्धाचं वर्ष. कंपनीच्या सुरुवातीच्या गेमांवरही कारगिलची छाप होती. नंतर मोठमोठ्या ब्रँडसाठी वेबसाइटवरचे जाहिरात-गेम झाले. पण कंपनी ओळखली गेली ती मोबाईल गेममुळे.

त्या फोनची आठवण करून देते. बोटभर पडदा, १२८ बाय १२८ ठिपक्यांचा. जावा गेमची फाइल कितीतरी नोकिया फोनांवर ६४ केबीच्या पुढे चालायचीच नाही. आज व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याहून जड असतो! शिवाय प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, मेमरी वेगळी. त्यामुळे एकाच गेमच्या ढीगभर आवृत्त्या कराव्या लागायच्या. या कामाला पोर्टिंग म्हणतात. म्हणजे प्रकाशकाचा बराचसा खर्च नव्या कल्पनेवर होत नव्हता, तोच गेम वेगवेगळ्या फोनांवर बसवण्यात होत होता.

आता मुख्य मुद्दा. हा गेम विकला कुठे जायचा? मोबाईल कंपनीच्या पानावर. फोनवर इंटरनेटचं बटण दाबलं की एअरटेल लाइव्ह किंवा रिलायन्सचं आर वर्ल्ड उघडायचं. धंद्यात या पानाला 'डेक' म्हणायचे. डेकवर तुमचा गेम वरून दुसरा असेल तर खपणार. चार वेळा खाली जावं लागत असेल तर संपलं, कारण तेवढं खाली जाईपर्यंत गिऱ्हाइकाचा बॅलन्स जायचा. दुकानाचं शेल्फ मोबाईल कंपनीच्या ताब्यात आणि गल्लाही तिच्याच ताब्यात. गेमचे पैसे प्रीपेड बॅलन्समधून कापले जायचे.

याचा फायदा खरा होता. क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाकडून १०-२० रुपये गोळा करू शकेल अशी त्या काळी देशभर पोचलेली एकच यंत्रणा होती, रिचार्जची टपरी. मार्च २०१० मध्ये देशात ५८ कोटींहून जास्त मोबाईल जोडण्या होत्या. मॉस्कोच्या १सीलाही असं जाळं मिळालं नव्हतं.

तोटाही तितकाच खरा. मोबाईल कंपनी मोठा वाटा स्वतःकडे ठेवायची. फक्त समजण्यासाठी एक हिशेब मांडू. गेम ५० रुपयांचा आहे आणि त्यातले ३० मोबाईल कंपनीनं ठेवले असं धरा. उरलेल्या २० मधून सिनेमाच्या किंवा खेळाडूच्या नावाचे हक्क, पोर्टिंग, पगार आणि नफा काढायचा. असं असताना कोण दोन वर्षं खपून नवीन गेम बनवेल? लोकांना आधीच माहीत असलेलं नाव घ्यायचं, पटकन गेम काढायचा आणि डेकवर वर लावायचा, हेच शहाणपण ठरतं. त्या काळात बॉलिवूड आणि क्रिकेटचे इतके गेम का दिसतात, याचं उत्तर मला कल्पकतेच्या अभावात सापडत नाही. ते या वाटणीत सापडतं.

इंडियागेम्सनं दुसऱ्या वाटाही शोधल्या. ब्रॉडबँड देणाऱ्या कंपन्यांबरोबर महिन्याच्या वर्गणीत कॉम्प्युटर गेम देणारी 'गेम्स ऑन डिमांड' सेवा काढली. २००५ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइननं कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला. २००७ मध्ये ती रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीकडे आली. २०१२ मध्ये डिस्नेनं यूटीव्ही पूर्ण ताब्यात घेतली, आणि इंडियागेम्सही तिच्याबरोबर गेली. पुढच्या वर्षी गोंडल बाहेर पडले. नंतर इंडियागेम्स हे नावच मागे पडलं.

नझारा: वाट बदलत टिकलेली कंपनी

दुसरी कंपनी नझारा. डिसेंबर १९९९ मध्ये ती 'नझारा डॉट कॉम' म्हणून मुंबईत नोंदली गेली. संस्थापक नितीश मित्तरसेन तेव्हा विशीच्या आसपास होते. डॉट कॉमचा फुगा फुटला तेव्हा कंपनीचीही वाताहत झाली. सावरली ती मोबाईलमुळे. सचिन तेंडुलकरचं नाव मोबाईलवरच्या मजकुरासाठी वापरायचे हक्क घेऊन तिनं बस्तान बसवलं. पुढे मोबाईल कंपन्यांमार्फत गेमची वर्गणी विकणं हा तिचा मुख्य धंदा झाला, आणि तोच नमुना तिनं आफ्रिका आणि मध्यपूर्वेतही नेला.

पण या वाटेला आतूनच कीड लागली होती. आमच्या चिरनेरात कोणी १० रुपयांचं रिचार्ज मारलं की दुसऱ्या दिवशी त्यातले तीन-चार रुपये गायब, हे नेहमीचं. चुकून कुठलं तरी बटण दाबलेलं असायचं आणि कॉलर ट्यून, ज्योतिष नाहीतर गेमची सेवा चालू झालेली असायची. असली तक्रार देशभर होती. शेवटी ट्रायनं २०११ मध्ये आदेश काढला की अशी सेवा सुरू करायची तर गिऱ्हाइकाची दुसऱ्यांदा स्पष्ट संमती हवी. २०१३ मध्ये नियम आणखी कडक झाले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. पण बॅलन्समधून परस्पर होणाऱ्या वसुलीवर उभा असलेला सगळा धंदा त्यानं हलला. त्यातच अँड्रॉइड फोन आले आणि शेल्फ मोबाईल कंपनीकडून गूगलकडे गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. फुकटात गेम खेळायची सवय लागली. ५० रुपयांच्या जावा गेमचा काळ संपला.

नझारानं तेव्हा काय केलं? बनवत बसण्यापेक्षा तिनं इतरांच्या कंपन्यांत हिस्से घेतले. ई-स्पोर्ट्समधली नॉडविन, चेन्नईची क्रिकेट गेम बनवणारी नेक्स्ट वेव्ह, लहान मुलांचं किडोपिया अॅप बनवणारी मुंबईची पेपर बोट. किडोपियाचं मुख्य गिऱ्हाईक तर अमेरिकेतलं! मार्च २०२१ मध्ये नझाराचा आयपीओ आला. भाव १,१०१ रुपये, एकूण रक्कम सुमारे ५८३ कोटी. या आयपीओत नवीन शेअर काढलेच नव्हते. जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले, म्हणजे आलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. बातमीत 'कंपनीनं ५८३ कोटी उभारले' असं कुठे वाचलंत तर तिथे थांबा आणि मूळ कागद काढून बघा.

तुलना कशी करायची

दोन्हीकडे नकली यंत्रं होती, चोरटा बाजार होता, खिसा लहान होता. फरक कुठे पडला? रशियात वाट प्रकाशकाच्या स्वतःच्या हातात होती: त्याची सीडी, त्याचं भाषांतर, त्याचे डीलर. म्हणून नफ्याचा काही भाग गेम बनवणाऱ्यांपर्यंत झिरपला. मुंबईत वाट आधी मोबाईल कंपनीच्या आणि मग गूगल-अॅपलच्या हातात राहिली. प्रकाशक त्या वाटेवरचा भाडेकरू होता. भाडेकरू घराला रंग लावेल, पण मजला चढवणार नाही.

हे गृहीतक आहे, सिद्धांत नाही. ते खोटं ठरवायचे मार्गही सांगते. उत्पन्नात मोठा वाटा मिळूनही एखाद्या भारतीय प्रकाशकानं नवीन गेमवर खर्च केला नाही, असं हिशेबात दिसलं तर माझं म्हणणं पडेल. किंवा लहान वाटा असूनही कोणी सातत्यानं नवीन गेम काढत राहिलेला सापडला, तरी पडेल. आणि एक सावधगिरी: मी दोन टिकलेल्या किंवा विकल्या गेलेल्या कंपन्यांबद्दल बोलले. बुडालेल्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. फक्त वाचलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढणं याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. प्रबंधात हा प्रश्न परीक्षक विचारतीलच.

साधनं कुठे मिळतात

पहिलं साधन आयपीओचं माहितीपत्रक. सेबीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. त्यातला 'जोखीम घटक' हा भाग आधी वाचा. आपल्याला कशाची भीती वाटते हे कंपनीला तिथे कायद्यानंच लिहावं लागतं. मुलाखतीत संस्थापक जे बोलत नाहीत ते तिथे सापडतं. नझाराच्या पत्रकात मोबाईल वर्गणीचा धंदा वेगळा मोडून दाखवलाय, त्यामुळे तो किती उतरला हे वर्षागणिक मोजता येतं.

दुसरं, कंपनी नोंदणी खात्याकडचे वार्षिक ताळेबंद. थोडी फी भरावी लागते. शेअर बाजारात कधीच न आलेल्या आणि बुडालेल्या कंपन्याही तिथे असतात, म्हणून वरच्या बायसवर थोडा इलाज होतो.

तिसरं, ट्रायची चर्चापत्रं. त्यावर मोबाईल कंपन्या आणि मजकूर पुरवणाऱ्यांनी पाठवलेली लेखी उत्तरं वाचा. वाटणीचं भांडण तिथे सरळ दिसतं.

चौथं, माणसं. पोर्टिंग करणारी, टेस्टिंग करणारी, डेकवर जागा मिळवायला मोबाईल कंपनीच्या ऑफिसात चकरा मारणारी. ती आज चाळिशीत आहेत आणि त्यांना सगळं आठवतंय. फक्त संस्थापकांच्या मुलाखतींवर इतिहास लिहिला तर तो यशोगाथा होतो.

पाचवं साधन म्हणजे खुद्द गेम, आणि इथे परिस्थिती वाईट आहे. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला. आज गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे, त्यांची नावं आहेत, दरवर्षी मानवंदना होते. पंचाण्णव वर्षांपूर्वीची ती घटना आपण दाखल्यासह सांगू शकतो. पण २००६ चा एखादा मुंबईत बनलेला मोबाईल गेम मागा. डेक बंद झाले, सर्व्हर गेले, कंपन्या विकल्या गेल्या, फोन भंगारात निघाले. पुस्तकाची प्रत ग्रंथालयाला द्यायचा आपल्याकडे कायदा आहे, पण तेव्हा या गेमच्या प्रती कोणी जपून ठेवायला मागितल्या नाहीत. जे उरलंय ते हौशी लोकांनी जमवलेल्या जार फाइलींमध्ये. अँड्रॉइडवर जेटूएमई लोडर टाकलं तर त्यातल्या बऱ्याच चालतात.

म्हणून घरातला जुना फोन भंगारवाल्याला द्यायच्या आधी चार्ज करून बघा. चालू झाला तर गेमच्या फोल्डरमध्ये काय आहे ते लिहून काढा: गेमचं नाव, सुरुवातीच्या पडद्यावरचं प्रकाशकाचं नाव, वर्ष, फाइल किती केबीची. पडद्याचे फोटो काढा. अशा वीस फोनांची यादी झाली की तुमच्याकडे एक छोटा डेटासेट तयार होतो, आणि त्यावर पहिला प्रश्न विचारता येतो: यातले किती गेम आपल्या कंपन्यांनी काढले आणि किती बाहेरून आले?